दिवा पाण्यात

क्रोपा गावात खिळे होत असत.
गावाच्या पोटातून पळणारा ओढा
चाकं फिरवी, भाते फुंकी,
आणि बाया, पोरं, म्हातारे
पहाटे तीनपासून ऐरणीपाशी.
जहाजाचा खिळा, नालाचा खिळा, शवपेटीचा खिळा.
हात चुकला तर बोट, नाही चुकला तर दमडी.

सबंध हिवाळा दिव्याखाली.
मग मार्च, संत ग्रेगोरच्या दिवसाची आदली संध्याकाळ.
उद्यापासून उजेड पुरेल, म्हणत
लोक दिवा उचलत नि ओढ्यात सोडून देत.
दिवेलागणीला दिवा लावायचाच नाही.
प्रेमाचा सण म्हणून कुणी ठरवला नव्हता.
संध्याकाळ मोकळी झाली,
आणि मोकळ्या संध्याकाळी माणसं जे करतात
ते करू लागली.

पाखरांची लग्नंही त्याच तारखेला, बारा मार्चला.
पुढे त्याच नावाच्या दुसऱ्या पोपने
पंचांग दुरुस्त केलं, दहा दिवस गिळले,
वसंत सरकला एकवीसवर.
पाखरांना कुणी कळवलं नाही.
ती जुन्याच मुहूर्तावर उभी राहतात,
वऱ्हाड काटेकुंपणावर.
आया रात्रीच कुंपणात पाव लपवून ठेवतात,
आणि पोरं सकाळी
पंगतीतलं उरलंसुरलं शोधत हिंडतात.

हे मी दरवर्षी तिसरीच्या वर्गाला सांगते.
मुलं पुठ्ठ्याची घरं करतात,
गोंद बोटांना, गोंद केसांना,
खिडक्यांना लाल पतंगी कागद, आत मेणबत्ती.
मागच्या बाकावर, गुडघे आखडून,
रोझालिया. वय एक्क्याऐंशी.
स्वतःची कात्री घेऊन येते.

मुलींनी सकाळी आभाळाकडे बघायचं,
पहिलं पाखरू दिसेल तसा नवरा.
तिच्या आत्याला यादी तोंडपाठ होती:
चिमणी म्हणजे गरीब पण हसरा,
कावळा म्हणजे बिजवर,
घार म्हणजे कचेरीतला कारकून.
कोंबडी धरायची नाही.

सतरा वर्षांची रोझालिया त्या सकाळी
डोळ्यांना रुमाल बांधून निघाली,
धाकट्या भावाची कॉलर मुठीत धरून,
दोनदा ठेचाळत,
थेट लोव्रोच्या खिडकीपर्यंत.
तिथे पिंजऱ्यात तांबड्या तोंडाचं पाखरू.
रुमाल सोडला. "दिसलं," म्हणाली.
मागोमाग आलेली आत्या म्हणाली,
पिंजऱ्यातलं धरत नाहीत.
लोव्रो आत दाढी करत होता.
अर्ध्या गालाला साबण तसाच,
त्याने येऊन पिंजऱ्याचं दार उघडलं.
पाखरू चौकटीवर आलं,
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
पुन्हा आत जाऊन दाणे टिपू लागलं.
आत्या जरा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, आता धरायला हरकत नाही.

बावन्न वर्षांत एकदाही
तो शब्द त्याने काढला नाही.
ऐरणीपलीकडून एवढंच म्हणायचा:
रोझा, दिवा टाक पाण्यात.
म्हणजे पुरे झालं. म्हणजे चल घरी.
भट्टी बंद पडली तरी म्हणे,
ऐन जुलैत म्हणे,
ट्यूबलाइटखाली वर्तमानपत्राची घडी घालत म्हणे.
शेवटच्या हिवाळ्यात, येसेनित्सेच्या इस्पितळात,
उशापाशी यंत्राचा हिरवा ठिपका.
तेव्हाही म्हणाला.
तिने बटण शोधलं. सापडेना.
मग तळहात ठेवला त्या ठिपक्यावर,
नर्स येईपर्यंत.

आज अंधार पडताच घरं सोडली.
चर्च गेलं, शाळा गेली,
एक घर पेटून भसकन खाली बसलं, टाळ्या पडल्या.
पुलाशी अग्निशमन दलाचे दोघे
आकडे घेऊन उभे, पुठ्ठा गोळा करायला.
रोझालियाची भट्टी, एकाच खिडकीची,
दगडाला अडकून राहिली.
माझ्या वर्गातला मातेव्झ काठी घेऊन धावला.
"असू दे रे," ती म्हणाली,
"त्याला कुठे कामाला जायचंय."

उद्या पाखरं.
मी चव्वेचाळीसची. या सगळ्यावर
माझा विश्वास नाही, वर्गात तसं सांगतेही.
पण शेजारच्या युर्श्काच्या कोंबड्या
उजाडताच माझ्या अंगणात येतात.
पडदा सारण्याआधी
नीट ऐकून घेईन.